गाडीची माणसं

शालनच्या उजव्या पायावर जो दगड येऊन पडला, तो मी लावलेल्या सुरुंगाचा होता. रस्ता मोकळा असल्याची खूण मला त्या वेळी मिळालेली नव्हती. मिळाली होती असं मी नंतर लिहून दिलं, आणि त्या कागदावर ज्या माणसाची सही घेतली त्याला कागद कशाचा आहे हे खोटं सांगितलं. हे तीन अपराध आहेत आणि तिन्ही माझे आहेत. पहिला घाईत झाला असं म्हणता येईल. उरलेले दोन शांत डोक्यानं केलेले आहेत.

खाणीतल्या नोकरीबद्दल लिहा, असं या अंकासाठी मला सांगितलं गेलं तेव्हा सांगणाऱ्यांच्या मनात गमतीजमती असाव्यात. त्याही आहेत. पण त्या सांगायला बसलो की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला मच्छिंद्र तात्या समोर येऊन उभे राहतात. म्हणून आधी वरचं सांगून टाकलं.

मी ब्लास्टर होतो. म्हणजे दगडाच्या खाणीत सुरुंग लावणारा. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, परवाना मिळतो. आमच्या जुळे सोलापुरातल्या सोसायटीत याचं सगळ्यांना भारी कौतुक; दिवाळीत मोठी माळ लावायची झाली की बिराजदारांना बोलवा. मी जात नसे. फटाक्यात दारू कुणी आणि कशी भरली हे मला माहीत नसतं, आणि जे मी भरलेलं नाही त्याच्याजवळ मी उभा राहत नाही. लोकांना वाटायचं, मी विनोद करतोय.

काम सांगायला सोपं आहे. काळ्या दगडाच्या कड्यावर ओळीनं भोकं पाडायची, त्यात दारूच्या कांड्या उतरवायच्या, वरून माती ठासायची, तारा जोडायच्या, लांब आडोशाला जाऊन बटण दाबायचं. याला आम्ही 'बार' म्हणतो. बाहेरच्या माणसाला वाटतं की जितका मोठा आवाज तितका बार चांगला. उलट आहे. आवाज म्हणजे वाया गेलेली ताकद, आणि उडालेला दगड म्हणजे आमची चूक. चांगल्या बारात कडा नुसता एक उसासा टाकतो आणि जागेवर खाली बसतो. असे बार मी पुष्कळ काढले. त्याचा अभिमान मला अजून आहे, तो लपवत नाही.

सुरुवातीच्या काळात विहिरींचीही कामं करायचो. माढ्याकडच्या एका बागायतदारानं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, की साहेब, असा बार बसवा की चुलतभावाच्या विहिरीचं पाणी माझ्याकडं यावं. मी म्हणालो, माझ्या परवान्यात ते बसत नाही. त्यावर त्यानं गंभीरपणे विचारलं, मग कुणाच्या परवान्यात बसतं?

ज्या खाणीची ही हकिगत आहे ती जेऊर स्टेशनापासून जीपनं अर्ध्या तासावर. गावाचं नाव लिहीत नाही. खाणीला लागून तीसेक घरांची वस्ती होती. तिथल्या लोकांचे आजे-पणजे छिन्नी-हातोड्यानं दगड फोडायला आले आणि तिथंच राहिले. खाण वस्तीची आणि वस्ती खाणीची, असं तीन पिढ्या चाललं. पुढं खाण नव्या मालकाकडं गेली. यंत्रं आली, आणि यंत्रं चालवायला सोलापूरहून आम्ही आलो. मी, ड्रिलवाला, पोकलेन चालवणारा शेख आणि इलेक्ट्रिशियन. चौघंही अप-डाऊन करायचो. पहाटेची गाडी, जेऊर, तिथून कंपनीची जीप, संध्याकाळी तीच जीप आणि तीच गाडी. डंपरवाले कुर्डुवाडीचे. तेही रोज ये-जा करणारे.

वस्तीतले लोक आम्हाला 'गाडीची माणसं' म्हणत. त्यात शिवी नव्हती. नुसती ओळख होती, टँकरवाला किंवा एसटीची माणसं म्हणावं तशी.

आमच्यामुळं त्या वस्तीचं काय झालं हे मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी ते बघायला कधी थांबलोच नाही. पहिल्या वर्षी वस्तीच्या तोंडाशी चहाचं एक खोपटं होतं. आम्ही घरून डबा आणि थर्मास आणायचो. दुसऱ्या वर्षी खोपटं बंद झालं. पूर्वीचा मुकादम वस्तीतच बिऱ्हाड करून राहायचा, त्याची पोरं तिथल्याच शाळेत होती. ती गेली, मग शाळेचा एक शिक्षक कमी झाला. खाणीत काम न राहिल्यामुळं वस्तीतले जाणते पुरुष एकेक करून पुण्याकडं बांधकामावर जायला लागले. म्हणजे आम्ही सोलापूरहून तिथं कामाला यायचो आणि तिथले कामासाठी पुण्याला जायचे. दिवसभर वस्तीत उरायच्या बायका, म्हातारी माणसं आणि शेरडं. सहा वर्षांत मला त्या तीस घरांतली फार तर पाच नावं माहीत झाली. जेऊरला कोणती गाडी किती वाजता लागते हे मात्र गाडीच्या चार्टसकट पाठ होतं.

त्या पाच नावांतलं एक मच्छिंद्र तात्यांचं. साठीच्या पुढचा, सडपातळ, शब्द मोजून बोलणारा माणूस. जुन्या खाणीत पस्तीस वर्षं काढलेली. नव्या मालकानं त्यांना रखवालदार म्हणून ठेवलं होतं आणि बाराच्या वेळची हाळी त्यांच्याकडं होती.

ही हाळी समजावून सांगितली पाहिजे. बार काढायच्या आधी आसपास माणूस-जनावर नाही याची खात्री करावी लागते. कागदावर त्यासाठी भोंगा असतो. भोंगा विजेवर चालायचा आणि वीज तिच्या मर्जीवर. वस्तीची रीत जुनी होती. तात्या मधल्या टेकाडावर चढायचे आणि तीन दिशांना तोंड करून हाळी द्यायचे, "बार हायऽऽ". एक वस्तीकडं, एक रानाकडं, एक नाल्याकडं. तिन्ही बाजूंनी उलट हाळी यायला हवी. प्रत्येक बाजूला त्या दिवशी कोण गेलंय हे तात्यांना सकाळीच माहीत असायचं. उत्तर त्याच माणसाच्या आवाजात आलं पाहिजे. तिन्ही आवाज आले की तात्या हिरवं फडकं वर धरायचे. तोवर हातात लाल. आडोशाच्या जागेवरून मला टेकाड समोर दिसायचं.

पहिल्या महिन्यात मी त्यांना म्हणालो होतो, तात्या, यात वीस मिनिटं जातात. त्यांनी विचारलं, "तुमाला कुटं जायचंय?" मला राग आला होता, कारण मला खरंच जायचं असायचं.

शनिवारी आम्ही लवकरची गाडी धरायचो, चार वाजून पाच मिनिटांची. ती चुकली तर पुढची रात्री. म्हणून शनिवारचा बार दोनच्या आत काढायचा असा आमचा आमच्यातच ठरलेला नियम होता.

त्या शनिवारी कॉम्प्रेसर दोन तास बंद पडला. भोकं भरून, तारा जोडून होईपर्यंत तीन वाजले. भरलेला बार तसाच सोडून जाता येत नाही. एक तर तो काढायचा, नाहीतर त्याच्याजवळ परवानाधारक माणसानं थांबायचं. म्हणजे मी. आणि त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता माझ्या थोरल्या मुलीला बघायला पाहुणे येणार होते. बायकोनं सकाळपासून तीनदा फोन केला होता.

तीन वाजता तात्या टेकाडावर चढले. वीज नव्हती, म्हणजे भोंगा नाही. पहिली हाळी वस्तीकडं. उत्तर आलं. दुसरी रानाकडं. उत्तर आलं. तिसरी नाल्याकडं. काही नाही. तात्यांनी पुन्हा हाळी दिली. वारा पश्चिमेकडून होता, चांगला जोराचा. लाल फडकं त्यांच्या हातात फडफडत होतं. मी घड्याळ बघितलं. तीन वाजून सात मिनिटं.

शेख जीपमध्ये बसून होता, इंजिन चालू ठेवून. तो सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला, जिभेवर साखर आणि मिरची दोन्ही असलेला माणूस. त्यानं जीपमधूनच विचारलं, "साहेब, काय झालं? तात्याचं लगीन लावताय का तिकडं?"

"नाल्याकडचं उत्तर नाही."

"नाल्यात कोन असनार? बेडकं. ती कधी उत्तर देतेत?"

ड्रिलवाला हसला. मी हसलो नाही, पण मला राग शेखचा आला नाही, तात्यांचा आला. तीन-दहा. तात्या तिसऱ्यांदा ओरडले. मी आडोशातून बाहेर येऊन दोन्ही हात उडवून विचारलं, काय? त्यांनी लाल फडकं आडवं धरलं आणि डावा हात नाल्याकडं केला. त्याचा अर्थ स्पष्ट होता. सहा वर्षं मी ती खूण वाचत होतो. नाल्यात कुणीतरी आहे आणि त्याचं उत्तर आलेलं नाही.

"साहेब," शेख आता विनोद सोडून बोलला, "अर्धा तास रस्ता हाय. गाडी काय आपल्या सासऱ्याची न्हाय थांबायला."

तीन-पंधरा. तात्या टेकाडावरून नाल्याच्या बाजूला उतरायला लागले. स्वतः बघायला निघाले असणार. चार पावलांत ते टेकाडाआड गेले, आणि त्यांच्याबरोबर लाल फडकंही दिसेनासं झालं.

टेकाड रिकामं होतं. मी त्या रिकाम्या टेकाडाकडं बघत स्वतःला जे सांगितलं ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. लाल नाही, म्हणजे थांबा असं कुणी म्हणत नाहीये. हिरवं नव्हतं. पण लाल नव्हतं. खरं तर मला एवढंही माहीत होतं की तात्या स्वतः त्या बाजूला गेलेत. ते उतरणीच्या आड आहेत, त्यांना काही होणार नाही, असा हिशेब मी एका क्षणात केला. माणूस किती वेगानं हिशेब करतो.

मी बटण दाबलं.

बार चांगला नव्हता. घाईत एका भोकात माती कमी ठासली गेली होती. आवाज झाला, आणि आवाज झाल्यावर मला कळलं की दगड उडणार. धूळ बसायच्या आत नाल्याकडून हाक आली. बाईची. मग तात्यांची, माझ्या नावानं. सहा वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच साहेब न लावता हाक मारली.

शालन वस्तीतल्याच एका घरची सून. नवरा पुण्याला, घरी सासू. नाल्यात एक शेळी व्यायली होती, तिच्याजवळ ती बसली होती. तिनं हाळी ऐकली होती आणि तिन्ही वेळा उत्तर दिलं होतं. वाऱ्यानं ते टेकाडापर्यंत पोचलं नाही. नारळाएवढा दगड तिच्या पावलावर पडला होता. तिनं पाय पदरात गुंडाळून घट्ट धरला होता आणि ती माझ्याकडं नाही, शेळीकडं बघत होती.

तिला जीपमध्ये घातलं. तिची सासू, तात्या आणि आम्ही चौघं. जेऊरच्या डॉक्टरनं पट्टी बांधली आणि लगेच सोलापूरला न्या म्हणून सांगितलं, गाडी मागवली. मी बाहेर येऊन मॅनेजरना फोन केला. ते म्हणाले, तुम्ही चौघं तिथं थांबू नका, लोक जमतील, बोलाचाली होईल. सोमवारी बघू. मी आत जाऊन तात्यांना सांगितलं की अॅम्ब्युलन्स येतेय, तुम्ही बरोबर जा. त्यांच्या हातात ते लाल फडकं अजून तसंच होतं, मुठीत चुरगळलेलं.

चार-पाचची गाडी त्या दिवशी उशिरा आली. आम्हाला ती मिळाली.

बार उडाल्यावर जागेची तपासणी करायची असते, एखादं भोक न उडता राहिलं असेल तर ते पुढं जीव घेऊ शकतं. तीही मी केली नाही. सोमवारी केली. नशीब माझं, की वस्तीचं, काही राहिलं नव्हतं.

सातला पाहुणे आले. मी कपडे बदलून त्यांच्यासमोर बसलो. मुलाच्या वडिलांनी विचारलं, आपलं काम जोखमीचं असेल ना? मी म्हणालो, काळजी घेतली तर काही नाही.

सोमवारच्या गाडीत आम्ही चौघं समोरासमोर बसलो. मोहोळला ड्रिलवाला म्हणाला की त्याचं घर एका पगारावर आहे. इलेक्ट्रिशियन म्हणाला, भोंगा बंद होता हे आधी त्याच्यावर येईल. शेख खिडकीबाहेर बघत होता. मी म्हणालो, तात्यांनी खूण केली होती, असं आपण सांगू. कुणी विचारलं नाही, कोणती खूण. माढा मागं पडेपर्यंत आमचं एकमत झालं होतं.

मी तसं लिहून दिलं, आणि मॅनेजरनी त्यावरून कागद टाईप करून घेतला. तात्यांनी हिरवी खूण दिली, त्यावरून बार काढला, नाल्याकडची पाहणी तात्यांनी नीट केली नव्हती आणि ते त्यांना मान्य आहे, असा त्याचा मजकूर. सही घ्यायचं काम माझ्याकडं आलं, कारण तात्या माझं ऐकतात असा समज होता. तो खरा होता.

तात्यांना अक्षर वाचता यायचं, पण चष्म्याशिवाय नाही, आणि चष्मा घरी होता. मी म्हणालो, "तात्या, शालनच्या दवाखान्यासाठी कागद आहे. तुम्ही बघणारे म्हणून सही लागते."

"कंपनी करनार हाय का समदं?"

"करणार आहे."

त्यांनी खाली बसून, कागद मांडीवर घेऊन, सावकाश पूर्ण नाव लिहिलं. आडनावाच्या शेवटच्या अक्षरावर नीट रेघ दिली.

दवाखान्याचं कंपनीनं केलं, तेवढं खरं. शालनचं अर्धं पाऊल काढावं लागलं. तीन आठवडे ती सोलापुरात होती, माझ्या घरापासून स्कूटरवर दहा मिनिटं. मी एकदा फाटकापर्यंत गेलो. आत तात्या पायरीवर बसलेले दिसले. मी स्कूटर वळवली.

मग चौकशी झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांपुढं तो कागद वस्तीत सगळ्यांदेखत वाचला गेला. मी हजर होतो. वाचणाऱ्यानं "मला मान्य आहे" म्हटलं आणि खाली तात्यांचं नाव वाचलं, तेव्हा तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मला वाटलं ते ओरडतील, म्हणतील की मी लाल धरला होता. ते म्हणालेही. एकदाच म्हणाले, "मी लाल धरला हुता." साहेबांनी विचारलं, सही तुमचीच ना? ते म्हणाले, "व्हय, सही माजीच." त्यापुढं काय बोलणार होते? टेकाड वस्तीतून दिसत नाही. बघणारे आम्ही चौघंच, आणि आम्ही एका गाडीची माणसं होतो.

त्यांची रखवालदारी गेली. पण ती गोष्ट लहान. त्या वस्तीत माणसाकडं शेती नव्हती, घर नावावर नव्हतं; तात्यांकडं एकच होतं. त्यांनी मोकळं म्हटलं की ते मोकळं. बायका तान्ही पोरं टाकून त्या शब्दावर रानात जात. कागद वाचला गेला त्या दिवसापासून तो शब्द संपला. शालनच्या सासूनं त्यांच्या दारात उभं राहून सांगितलं, की कंपनीचं मीठ गोड लागलं तुला, पोरीचा पाय विकलास. मला हे शेखनं सांगितलं. तो डिझेलसाठी वस्तीत जायचा तेव्हा ऐकून आला होता. त्यानं त्या दिवशी विनोद केला नाही.

आमच्यापुरतं बघितलं तर दुपारी जे घडायचं ते संध्याकाळी मागं पडायचं. गाडी सुटली की डब्यात पत्ते निघायचे, कुर्डुवाडीला चहा. तात्यांना मात्र त्याच तीस घरांत सकाळ काढायची होती आणि संध्याकाळही. पाण्याच्या हापशावर ते गेले की बोलणं थांबायचं. लांबून येऊन काम करणाऱ्या माणसाला ही सोय असते. केलेलं तिथंच टाकून घरी जाता येतं. मी ती सोय आणखी दोन वर्षं घेतली, मग सोलापुरात मालकाच्या ऑफिसात सुरक्षेचं शिकवायला लागलो. होय, सुरक्षेचं.

गेल्या वर्षी नव्या ब्लास्टरांचा वर्ग होता. ऑफिसनं झालेल्या अपघातांची उदाहरणं काढून दिली होती, एकेक पान. चौथं पान मी न बघताच वाचायला घेतलं. "स्थानिक रखवालदाराचा निष्काळजीपणा. नाव, मच्छिंद्र." पुढं मला वाचता येईना. समोर पंचवीस माणसं वह्या उघडून बसली होती. एकानं विचारलं, सर, त्यानं न बघताच हिरवा दाखवला? मी म्हणालो, नाही. वर्ग तिथंच सोडला.

त्या आठवड्यात मी खरं काय झालं ते चार पानं लिहून मालकाकडं दिलं, एक प्रत परवाना देणाऱ्या कचेरीत. मालक म्हणाले, बिराजदार, गाडलेलं मढं कशाला उकरता? मी म्हणालो, गाडलेला माणूस जिवंत आहे. परवाना मी जमा केला. बायकोला सगळं सांगितलं. तिला पाहुण्यांचा तो दिवस आठवत होता. ती म्हणाली, "तिथं जाऊन आलात का?" मी म्हणालो, लिहून दिलंय. ती म्हणाली, "लिहून तर तेव्हाही दिलं होतं."

रविवारी गेलो. जेऊरपासून वडापच्या जीपनं, शेवटचे दोन किलोमीटर चालत. खाण बंद होऊन वर्ष झालं होतं, खड्ड्यात पाणी साचलेलं. वस्तीतल्या निम्म्या घरांना कुलूप. तात्या ओट्यावर बसून दोरी वळत होते. त्यांनी मला ओळखलं आणि हात न थांबवता म्हणाले, "या. आज जीप न्हाय?"

मी ओट्याखाली उभा राहूनच बोलायला सुरुवात केली. घरून जुळवून आणलेली वाक्यं होती. तात्या, त्या दिवशी तुम्ही लाल धरला होता, मी बघितला होता, आणि तो कागद... त्यांनी दोरी मांडीवर ठेवली आणि हात वर केला.

"मला नका सांगू. मला म्हाईतच हाय की. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांगा."

मी विचारलं, कुणाला? त्यांनी हापशाकडं मान केली. तिथं सात-आठ बायका होत्या, दोन म्हातारे, एका दगडावर शालनची सासू. शालन घागर भरत होती. ती वळली तेव्हा तिचं चालणं दिसलं. उजवा पाय टेकवताना ती आधी खांदा खाली सोडायची.

तात्या उठले नाहीत. मी एकटा गेलो. तेवढी पंचवीस पावलं मी कधी विसरणार नाही. हापसा थांबला. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो गाडीतला न्हवं का?" मी हो म्हणालो, नाव सांगितलं आणि जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. कॉम्प्रेसर, वारा, तिसरी हाळी, लाल फडकं, रिकामं टेकाड. कागद, चष्मा, दवाखान्याचं खोटं. सासूबाईंनी एकदा तात्यांच्या ओट्याकडं बघितलं आणि पदर तोंडावर घेतला.

शालननं घागर खाली ठेवली. तिनं एकच विचारलं.

"गाडी घावली का त्या दिशी?"

मी म्हणालो, "हो. मिळाली."

ती मान हलवत राहिली, जणू एवढंच तिला इतकी वर्षं कळायचं राहिलं होतं. मग मी जे म्हणालो ते इथंही तसंच लिहितो, कारण ते मी सगळ्यांदेखत म्हणालो आणि सगळ्यांदेखतच राहायला हवं.

"शालनताई, तुमचा पाय माझ्यामुळं गेला. तात्यांनी मला थांब म्हणून सांगितलं होतं. ते मला दिसलं होतं, आणि मी थांबलो नाही. नंतर त्यांच्या नावावर खोटं मी लिहिलं. तात्यांनी तुम्हाला कधी फसवलं नाही. फसवलं मी. मी तुम्हा सगळ्यांची माफी मागतो. ती द्या असं म्हणत नाही."